उडालेल्या रंगाचा खडा

"तू इथंच बस, मी बोलतो त्याच्याशी," म्हणत व्हर्नन टिबेट्सने बायकोच्या हातातून अंगठी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"खडा काढायचा नाही म्हणावं," ओडेसा म्हणाली. "नुसतं वळं जोडायचं. जास्त चौकशा करू देऊ नकोस."

"तेच सांगतो." व्हर्ननला हायसं वाटलं.

शनिवारी नातीचं, डेनीसचं, लग्न होतं. आजीची अंगठी तिच्या बोटात जायची होती, आणि वळं नेमकं आत्ताच तडकलं होतं.

हागोप जवाहिऱ्या दुकानाच्या मागच्या भागात, काचेच्या दाराआड कामाला बसायचा. अख्खं डेट्रॉइट त्याच्याकडे यायचं, आणि प्रत्येकाकडून तो काही ना काही फुकटचा सल्ला काढून घ्यायचा.

"मिस्टर टिबेट्स, बरे सापडलात! दुकानाचं जाळीचं फाटक रंगवायचंय. कुठली स्प्रे गन आणू?"

रंगाचा विषय निघाला की व्हर्ननला राहवत नसे. "साधी हवेची गन आणलीत तर निम्मा रंग शेजाऱ्याच्या गाडीवर. एअरलेस मशीन भिंतींना आणि कुंपणांना. नक्षीकामाला एअरब्रश. तुम्ही रंगाला विजेचा भार देणारी गन भाड्याने आणा. रंग आपणहून लोखंडाकडे ओढला जातो, मागच्या बाजूलासुद्धा बसतो."

"म्हणजे वाया काहीच नाही!"

"जवळपास नाहीच. म्हणून तर असला खडा आता बनत नाही." व्हर्ननने आवाज खाली आणला. "दार नीट लावा. हा दगड नाही. रंग आहे."

तरुणपणी तो मोटारींच्या कारखान्यात साध्या गनने रंग मारायचा. उडालेला रंग गाड्या वाहून नेणाऱ्या रुळांवर बसायचा, गाड्यांबरोबर भट्टीत भाजून निघायचा, वर पुन्हा दुसरा रंग. असं वर्षानुवर्षं. थरावर थर चढून चांगलाच टणक व्हायचा. त्यातलंच एक ढेकूळ त्याने फोडून, घासून गुळगुळीत केलं. तांबडे, तपकिरी, साईच्या रंगाचे पट्टे निघाले. खिसा रिकामा होता आणि ओडेसा हो म्हणायच्या बेतात होती. त्याने ठोकून दिलं, सुपीरियर सरोवराच्या काठावर सापडलेला अगेट आहे म्हणून. अगेट म्हणजे तिथला पट्ट्यापट्ट्यांचा दगड.

"आणि तिने तो जन्मभर मिरवला हो," व्हर्नन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "संप झाला, कारखाना बंद पडला, मी घरी बसलो. तिने एकदा तोंड वाकडं केलं नाही. रोज सकाळी देवाचे आभार मानतो अशी बायको दिलीस म्हणून. आणि लगेच हा खडा दिसतो."

"मग सांगून टाकायचं होतं."

"कुठल्या तोंडाने? मला अंगठीला हात लावू देत नाही, इतकी जपते. एका उन्हाळ्यात बहिणीबरोबर त्या सरोवरावर राहून आली, तेव्हापासून तर जास्तच. दोन्ही गुडघे सोलवटून आली होती. म्हणाली, बेरी तोडत होते. अंगठी मात्र साबणाने घासून चकचकीत करून आणली."

"आणि हे सगळं मला आज का?"

"तुम्ही ज्योत लावणार. खडा तापला की फोड येतील, रंगाचा वास सुटेल. आणि तो वास ती झोपेतसुद्धा ओळखेल. माझे कपडे तिनेच धुतलेत."

हागोपला हसू आलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि खड्याच्या खालच्या बाजूला पोलादी सुई घासली. मग दिवा जवळ ओढून पुन्हा घासली. त्याचं हसू गेलं.

"मिस्टर टिबेट्स, ओरखडासुद्धा उठत नाही. यात रंगाचा टिपूसही नाही. हा अस्सल अगेट आहे, सुपीरियरच्या काठावरचा."

काचेपलीकडे ओडेसा गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखून हागोपच्या सुईकडे बघत होती.