दुसरी चावी

साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, "पण आत शिरलेत की नाही, एवढं तरी सांगाल?" ताईने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं, "अजून कळत नाही, साहेब."

मजल्यावरच्या प्रत्येक संगणकावर कोपऱ्यात काळी चौकट होती आणि चौकटीत एक पेटलेली काडी. 'उजेड' नावाच्या टोळीची ती खूण. खाली लिहिलं होतं : तुमचा पैसा डोंगर फोडणाऱ्यांकडे जातो. आज चार वाजता तुमच्या सगळ्या ग्राहकांची नावं आणि घरचे पत्ते आम्ही जगासमोर मांडू.

'उजेड'वाल्यांनी याआधी दोन बँकांच्या संचालकांची पत्रं चव्हाट्यावर आणली होती. साध्या ग्राहकाच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. आता मात्र सुक्याबरोबर ओलंही जाळायला निघालेले दिसत होते.

या विमा कंपनीतली माहिती जपणं हे ताईचं काम. पन्नाशीची, साऱ्या ऑफिसची ताई. एरवी तिच्याकडे बघून इतरांना धीर यायचा. आज तिच्याच तोंडचं पाणी पळालं होतं, आणि ते कंपनीसाठी नव्हतं. तिला भीती वाटत होती ती धाकट्या बहिणीच्या जिवाची.

नवऱ्याने तिचा हात मोडल्यावर धाकटी घर सोडून गेली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. कुठे राहते ते तिने आईला सांगितलं नव्हतं, ताईलाही नाही. "तुला खोटं बोलता येत नाही, ताई. माहीत नसलेलंच बरं," म्हणाली होती. दर रविवारी फोन करायची, तेवढाच. तिचा पत्ता जगात एकाच जागी लिहिलेला होता, याच कंपनीत, तिच्या विम्याच्या नोंदीत. मेहुणा एकदा काउंटरवर येऊन तो मागून गेला होता. तिथल्या बाईंनी त्याला दाद दिली नाही, आणि ताईने त्याच दिवशी ती नोंद न वाचताच कुलूपबंद करून टाकली. पुढेही त्याचे शिव्यांचे फोन यायचे. चार महिन्यांपूर्वी ते एकाएकी थांबले. आई म्हणाली, सुटलो एकदाचे.

आणि आता चार वाजता तो पत्ता कुणालाही वाचता येणार होता. मेहुण्यालासुद्धा.

"ताई, पाणी घ्या," शेजारच्या टेबलावरून गुरुजी म्हणाले. जाड चष्मा, हळू बोलणं आणि कुणालाही काहीही समजावून सांगायची हौस, म्हणून ते गुरुजी. येऊन जेमतेम चार महिने झाले होते, पण माणूस लाख मोलाचा.

ताईने त्यांना सगळं सांगून टाकलं. आठ तास एका खोलीत बसणाऱ्या माणसापासून किती लपवणार?

"मला ती नोंद बदलायची आहे," ती म्हणाली. "तुमची चावी लागेल."

कुलूपबंद नोंद एकट्याने उघडत नसे. संगणकाला बोटभर लांबीच्या दोन चाव्या लावाव्या लागत, दोन वेगवेगळ्या माणसांच्या.

गुरुजींनी मान हलवली. "घरच्या माणसाची नोंद आहे, ताई. नियमात बसत नाही. उद्या चौकशी झाली तर?"

"होऊ दे."

"आणि ते आधीच आत शिरले असतील, तर बदलून काय उपयोग?"

"नसतील शिरले तर?" ताई म्हणाली. "गुरुजी, त्याने तिला जिवंत सोडलं ते शेजारी धावून आले म्हणून. नोकरी गेली तर जाऊ दे माझी. पाया पडते तुमच्या."

गुरुजींनी एकदा दाराकडे बघितलं. मग त्यांनी गळ्यातली चावी काढली.

नोंद उघडली. ताई थेट नवा पत्ता टाकायला लागली, तसे गुरुजी संकोचून म्हणाले, "जुना आधी मोठ्याने वाचावा लागतो ना, दुसऱ्या चावीवाल्याने? नाहीतर बदल करता येत नाही."

खरंच होतं. चूक टळावी म्हणून तो नियम ताईनेच केला होता. गुरुजींनी चष्मा पुसला आणि एकेक शब्द सुटा करत पत्ता वाचला. पुलापलीकडची धोब्यांची गल्ली, घर नंबर, दुसरा मजला. ताईला रडू आलं. ती समजत होती धाकटी दूर कुठल्या गावी असेल. ती तर वीस मिनिटांवर होती.

त्या जागी ताईने ऑफिसचाच पत्ता घातला. साडेतीन वाजले होते. "खालच्या मजल्यावर काय गोंधळ आहे ते बघून येतो," म्हणून गुरुजी उठले. ताईने त्यांना हात जोडले.

मग नुसती वाट बघणं. पावणेचार झाले, चार वाजले. सव्वाचार झाले तरी काहीच झालं नाही.

साडेचारला साहेब जवळजवळ धावतच आले. "उजेडवाल्यांनी जाहीर केलंय, हे आमचं काम नाही म्हणून. लोकांचे पत्ते आम्ही वाटत नाही, म्हणतात. आपल्या माणसांनीही तपासलं. बाहेरून कुणी शिरलंच नव्हतं. ती चौकट याच मजल्यावरून सोडलेली आहे. कुणीतरी चेष्टा केली, दुसरं काय."

ताईचा जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं तिला कळेना. ही बातमी गुरुजींना आधी सांगायला हवी म्हणून ती वळली. खुर्ची रिकामीच होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटीचा नंबर, आणि आज तर गुरुवार.

"ताई, सगळं ठीक आहे ना गं?" धाकटी म्हणाली. "तुझ्या ऑफिसातले गुरुजी आलेत, मला न्यायला तूच पाठवलंस म्हणून. सोबत आणखी कुणीतरी आहे, जिन्यातच थांबलाय, चेहरा दिसत नाही. बसा म्हटलंय. आत्ताच दार उघडलं मी."