लोबोशेठांचा नवस

चिखलीच्या वर्कशॉपमध्ये कामगार पास्कलची तीन बोटे चिरडून प्रेस मशीन अडकले, तेव्हा मालक लोबोशेठ ढसाढसा रडले आणि कुमारी हुतात्मा संत फिलोमिनेच्या जागृत मूर्तीला नवस बोलून आले.

"मशीनचं सेफ्टी गार्ड काढायला शेठनीच लावलं ना?" पास्कलची बायको रोझलिन फणकारली.

"असं बोलू नये गं. फिलोमिना मायनं स्वतः हाल सोसलेत, तिला आपलं दुखणं कळतं," पास्कल म्हणाला.

आठव्या दिवशी बोटे कापावी लागली. त्याच रविवारी शेठांनी नवस फेडल्याचे ऐकून पास्कल चक्रावला आणि बांधलेल्या हातानेच चर्चमध्ये गेला. ज्याच्यासाठी साकडे घालावे, त्याचीच मेणाची प्रतिकृती वाहण्याची तिथली रीत होती.



मूर्तीच्या पायाशी, मेणाच्या हातापायांच्या गर्दीत, मेणाचे एक प्रेस मशीन उभे होते.