भिंतीकडे तोंड

आईने दहाही बोटं कीबोर्डवर ठेवली आणि ती थांबली.

लेकीचा जीव टांगणीला लागला. जाड पोटाच्या जुन्या मॉनिटरवर हिरवी रेघ उघडझाप करत होती. तिच्याआधी दोनच शब्द होते, ‘परवलीचा शब्द?’ दुपारचं ऊन खिडकीतून आत येऊन टेबलावर पसरलं होतं. यंत्राचा पंखा एका सुरात घुमत होता आणि त्या घुमण्याबरोबर सगळी खोली हळूहळू वीस-पंचवीस वर्षं मागे सरकत चालली आहे, असं वाटत होतं.

“छान यंत्र आहे हो,” आई म्हणाली. “तुमच्या विभागाने घेतलं का?”

तुमच्या. गेले सात महिने लेक ‘तुम्ही’ होती. आई तिला ऑफिसात नव्याने लागलेली कुणी बाई समजायची, बसा म्हणायची, चहा विचारायची. चिडचिड केली असती तरी लेकीला चाललं असतं. ही अदब तिला सोसवत नव्हती. आईच्या तोंडून एकदा, फक्त एकदा ‘तू’ ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी तिने हा सारा खटाटोप मांडला होता.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, जुनं काही वाचून दाखवा, कधीकधी ओळख परत येते. जुनं म्हणजे आईची रोजनिशी. कामावरून आली की आई या यंत्रापुढे पंधरा मिनिटं बसून लिहायची, अगदी लेकीच्या जन्माआधीपासून. पण रोजनिशी कुलपात होती आणि कुलूप आईनेच बनवलेलं होतं. ऐन उमेदीत तिने हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि आतल्या ओळी न् ओळीसकट जगाला फुकट वाटून टाकला. कुलूप कसं बनवलंय ते कुणीही उघडून पाहावं, सुधारावं, वापरावं. किल्ली मात्र ज्याची त्याच्यापाशी. लोक काकुळतीला येऊन पत्रं लिहायचे, शब्द विसरलो, एखादं मागचं दार ठेवा ना. आई बधली नाही. तुमच्यासाठी ठेवलेलं दार दुसऱ्यालाही सापडेल, असं ती प्रत्येकाला सविस्तर कळवायची.

आता तो प्रोग्रॅम काही हौशी मंडळी सांभाळत होती. लेकीने त्यांना अगदी तसंच पत्र लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. “तुमच्या आईंनी मागचं दार ठेवलेलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं शोधलंय. माफ करा.”

उरली आईची बोटं. शब्द डोक्यातून गेला तरी बोटांत राहिला असेल, असं लेकीला वाटत होतं. रोजनिशीची नक्कल लॅपटॉपवर होती, पण त्याच्या सपाट कळांवर ती बोटं नुसतीच भिरभिरली. म्हणून माळ्यावरचं यंत्र खाली आलं. दुरुस्तीवाल्याने तीन दिवस झटापट करून ते चालू केलं.

“आज चाललंय, त्यात समाधान माना,” तो जाताना म्हणाला. “बंद केलंत तर पुन्हा उठेल, असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.”

म्हणजे संधी एकच. लेकीने पेनांच्या डब्याआड फोन उभा करून ठेवला होता, कॅमेरा थेट कळांवर रोखलेला. आईने एकदा शब्द टाकला की तो कायमचा हाती येणार होता. मग रोज एक पान वाचायचं, आईला ‘तू’ सापडेपर्यंत.

पण बोटं हलेनात. आई अवघडून बसली होती.

“काय झालं गं?” लेकीने विचारलं.

“तुम्ही बघताय,” आई संकोचून म्हणाली.

आणि लेकीला घरचा कायदा आठवला. आई या खुर्चीत बसली की एकच शब्द म्हणायची, “भिंत.” मग हातातलं टाकून लेकीने भिंतीकडे तोंड करायचं. बाबांनीही करायचं. एकदा तर घरी आलेले काका कपबशी हातात धरून भिंतीसमोर उभे राहिले होते आणि चहा पार निवला तरी वळले नव्हते. चोरून बघितलं असतं तर आईला कळलंही नसतं. तरी या घरात कुणी कधी बघितलं नाही.

लेकीने फोनकडे पाहिलं. ती वळली असती आणि फोनने आपलं काम चोख बजावलं असतं. आईला सुगावाही लागला नसता, आणि नेमकं तेच लेकीच्या घशाखाली उतरेना. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांची गुपितं हिने राखली आणि हिच्याच घरात हिच्यावर पाळत ठेवायची. तिने फोन उचलला, बंद केला, खिशात टाकला. गेलं सगळं, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. तशीच ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

भिंतीवर उन्हाचा चौकोन पडला होता. मागे एक कळ वाजली. मग दोन. मग कौलांवर चिंचोके सांडावेत तशा कितीतरी. ती मोजत बसली नाही. यंत्राने बारीकशी शीळ घातली. कुलूप उघडलं होतं. कळा मात्र थांबल्या नाहीत, वाजतच राहिल्या. आई लिहीत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक, उन्हाचा चौकोन सरकत सरकत दारापाशी पोचला आणि लेकीचे पाय भरून आले.

“वळू का आता?” तिने विचारलं.

“नको, थांब जरा,” आई म्हणाली. “तुझ्याबद्दलच लिहितेय.”