बुडबुडे आहेत तोवर

नवरा एक वेळ खोटं बोलेल, त्याचे बुडबुडे बोलणार नाहीत, असं गुन्वोर सगळ्यांना सांगायची. बुडबुडे वर येतायत तोवर पाणबुड्याच्या बायकोने खुशाल कॉफी प्यावी. आताही ती नावेच्या काठावर तेच करत होती. फियोर्डचं, डोंगरांमधल्या त्या खाडीचं, पाणी हाडं गोठवणारं, पण नवरा उतरला होता ते बुडालेलं जहाज जेमतेम सात मीटर खाली होतं.

"दादा उतरून किती वेळ झाला?" ओडवारने, तिच्या धाकट्या दिराने, विचारलं.

"झाला असेल सव्वा तास."

"टाकीत हवा तासाभराचीच होती, वहिनी."

"मग जपून ओढत असेल. चिकट आहेच तुझा भाऊ." तिने पाण्याकडे बोट दाखवलं. "येतायत बघ."

ओडवार हसला नाही. सकाळचा ओलाच सूट तो पुन्हा अंगावर चढवू लागला.

"सकाळी आम्ही दोघं जहाजाच्या आत होतो. आत सोडलेला श्वास वरच्या पत्र्याखाली अडकून राहतो, वहिनी. मग दिवसभर थोडा थोडा सुटत राहतो."

गुन्वोरने पुन्हा पाण्याकडे पाहिलं. बुडबुडे येत होते, एकसारखे, सलग. श्वास आत घ्यायला मध्ये कुणी थांबत नव्हतं.