चाळीस सेकंद

रविवारी सकाळी ऑफिसात तो आणि साहेब दोघंच होते. नऊच्या ठोक्याला त्याने मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद पाडला. आता दुसऱ्या सर्व्हरने सगळी कामं आपणहून हाती घ्यायची, हीच परीक्षा होती.

“चाळीस सेकंदांत घेतली की!” साहेब खूश झाले. “कोणाच्या लक्षातही यायचं नाही.”

“एक सेकंदही न चुकणारी व्यवस्था करता येते सर, पण तिचा खटाटोप फार.”

“मग कशाला उगाच?”

त्यालाही पटलं. तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या शहरात एकटे राहणारे त्याचे वडील होते.

“बरा आहेस ना रे?”

“हो बाबा. का?”

“नऊच्या ठोक्याला तुझा ‘बाबा, कसे आहात?’ येतो. आज जरा उशीर झाला, तर जीव टांगणीला लागला. पावणेनऊपासून फोन हातात धरूनच बसलेलो असतो मी. दोन वर्षांत एकदाही चुकला नाहीस बघ.”

त्याने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. दुसऱ्या सर्व्हरने हाती घेतलेल्या कामांच्या यादीत, सगळ्यात खाली, त्यानेच कधीतरी लावून दिलेलं काम होतं: रोज नऊ वाजता, बाबांना मेसेज.