अकरा मिनिटं शिल्लक

"आई, हात लावू नकोस म्हणालो ना!"

प्रमिलाबाईंनी हात मागे घेतला. जेवणाच्या टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले होते. एक त्यांचा जुना, दुसरा भूपेंद्रने कालच पुण्याहून आणलेला, वेगळ्या कंपनीचा. पलीकडे त्याच कंपनीचा लॅपटॉप. भूपेंद्र, सून, नातवंडं, सगळी केव्हाच तिकडे गेली होती. आई तेवढी जुन्या फोनवर राहिली होती. तिने पाठवलेले फोटो उघडत नाहीत, तिच्याशी बोलायला वेगळंच ॲप घ्यावं लागतं, हे भूपेंद्रचं रडगाणं दोन वर्षांपासूनचं.

सकाळपासूनचा हा तिसरा प्रयत्न. पहिल्यांदा जागा कमी पडली. दुसऱ्यांदा एकसष्ट टक्क्यांवर कोणाचा तरी फोन आला आणि सगळं पुन्हा शून्यावर. म्हणून या वेळी त्याने जुन्या फोनचं नेटवर्कच बंद करून टाकलं होतं. नव्या फोनवर 'अकरा मिनिटं शिल्लक' असं दिसत होतं. गेला अर्धा तास अकराच दिसत होती.

"माझा फोन बंद ठेवून चालत नाही रे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"एक दिवस ठेवला तर काय आभाळ कोसळतं? सहा वर्षं झाली तुला रिटायर होऊन."

धुळ्यात नर्सची नोकरी करता करता प्रमिलाबाईंनी रक्त देणाऱ्यांची नावं जमवली होती. नोकरी संपली तरी नावं वाढतच गेली. आता नऊशेच्या वर होती, आणि सगळी त्या जुन्या फोनात.

तेवढ्यात भूपेंद्रचा फोन वाजला. पलीकडे रक्तपेढीतली दिपमाला होती.

"दादा, अक्का आहेत का हो घरी? कधीची लावतेय, फोन बंद येतोय. बरं झालं, अडीअडचणीला म्हणून त्यांनी तुमचा नंबर देऊन ठेवलेला."

प्रमिलाबाईंनी फोन हातातून काढूनच घेतला. ऐकता ऐकता त्या उभ्या राहिल्या. बाळंतीण होती, रक्तस्राव थांबत नव्हता. ए निगेटिव्ह, आणि पेढीत एकच पिशवी.

"बघते," म्हणून त्यांनी जुना फोन उचलला.

"आई, थांब! त्यातून बाहेर पडलीस की सगळं पहिल्यापासून. अकरा मिनिटं फक्त!"

"ती अकरा मिनिटं तुझ्या कंपनीची आहेत, भूपा. त्या बाईची नाहीत."

त्यांनी बोट दाबलं. दोन्ही पडदे एकदम बदलले. 'ट्रान्सफर रद्द झाले.' भूपेंद्रने कपाळावर हात मारला आणि खुर्ची मागे ढकलून तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

त्या शोधू लागल्या. प्रत्येक नावापुढे त्यांनी स्वतःच्या सोयीचं काहीबाही लिहून ठेवलं होतं. 'नवल ए निगेटिव्ह, मागच्या महिन्यात दिलंय.' हा नाही. 'हिलाल आबा ए निगेटिव्ह, वय झालं.' हेही नाही. 'झिपरू ए निगेटिव्ह सोनगीर, उपाशी येतो, आधी जेवायला सांगणे.'

भूपेंद्रचा फोन हातात होताच. त्यावरूनच त्यांनी झिपरूला लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. त्याने कट केला.

"अनोळखी नंबर. कशाला उचलेल तो?" खिडकीपासूनच भूपेंद्र म्हणाला. त्याचा आवाज अजून चिडलेलाच होता. पण तो परत आला आणि त्यानेच जुन्या फोनचं नेटवर्क सुरू करून दिलं.

अडलेले मेसेज एकामागून एक वाजत आत आले. त्यातच प्रमिलाबाईंनी नंबर लावला. एक रिंगही पुरी झाली नाही.

"बोल अक्का. कोठे येऊ?"

"झिपरू, जेवना का रे?"

"नही. पन निंघस मी."

"पहिले भाकर खाय. मंग निंघ."

त्यांनी पेढीचं नाव सांगितलं. तो हो म्हणाला. कोणासाठी, काय, त्याने एका शब्दाने विचारलं नाही.

दुपार तशीच गेली. जेवणं झाली, पण भूपेंद्र नीट जेवला नाही. चार वाजता दिपमालाचा फोन आला. बाई शुद्धीवर आली होती, रक्तस्राव थांबला होता. झिपरू चहा न घेताच परत गेला होता, त्याचा टेम्पो रस्त्यात उभा होता म्हणे.

"आता कर तुझं काय ते," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेल्या.

चौथ्या वेळी मात्र सगळं सुरळीत पार पडलं. भूपेंद्र नव्या फोनवरची नावं तपासायला लागला. नावापुढचं लिहिलेलं गळून पडतं की काय, अशी त्याला धास्ती होती. काही गळलं नव्हतं. गाव, गट, कोणाला चक्कर येते, कोणाची बायको पाठवत नाही, सगळं जसंच्या तसं. तो वरून खाली येत 'भ'पाशी पोहोचला.

'भूपेंद्र बी पॉझिटिव्ह. कामात असतो, विचारू नये.'

जिन्यावर पावलं वाजली. वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या.

"आलं का रे सगळं?"

भूपेंद्रने फोन पालथा ठेवला.

"हो," तो म्हणाला. "सगळं आलं."