अर्ध्या कड्यावर

धारूरच्या घाटातला कडा हारिस न थांबता चढत गेला आणि माथ्याच्या जरा खाली त्याचे हात भरून आले. एका कपारीला धरून तो तसाच अडकून राहिला. थोरला भाऊ शहेबाज खिळे ठोकत, दोर अडकवत त्याला आणायला निघाला.

अर्ध्यावर पोचल्यावर शहेबाज दोराला लटकून थांबला आणि हात खाली सोडून झटकू लागला.

खालून आमिनाबी ओरडली, "आरं, थांबलास कावून? पोरगं पडंल माझं!"

"अम्मी, हात मोकळे न्हाई केले तर दोघं बी पडू!"

ती छाती बडवत राहिली. शहेबाजनं डोळे मिटून दम घेतला आणि मगच तो वर सरकला. तो पोचला आणि हारिसची पकड सुटली. शहेबाजनं त्याचं मनगट धरलं, कमरेला दोर अडकवला आणि त्याला सुखरूप खाली आणलं.

संध्याकाळी सोललेल्या बोटांना हळद लावायला शहेबाज घरात शिरला. आमिनाबी हारिसला पोटाशी धरून शेजारच्या केसरबाईला सांगत होती,



"माझ्या पोटचा असता तर असा मधीच थांबला नसता, बाई."